उणे दीडचा हिशेब

लेस्टरमध्ये एमएस्सी करत असताना मी एका बेटिंगच्या दुकानात काउंटरवर कामाला होतो. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं. ते मी शनिवार-रविवारी उरकायचो, म्हणजे नेमके फुटबॉलचे दिवस. इंग्लंडात अशी दुकानं भर बाजारात, औषधांच्या आणि केकच्या दुकानांना लागून असतात. वयाची 18 वर्षं पूर्ण असली की कुणीही आत शिरून राजरोस पैसे लावू शकतो. आईला मात्र मी ‘दुकानात काम करतो’ एवढंच सांगितलं होतं.

मी स्वतः कधी पैसे लावले नाहीत. पण काउंटरच्या आतल्या बाजूनं जे दिसलं, ते तिकडे शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलांना आणि इथं बसून मोबाइलवर प्रीमियर लीग बघणाऱ्यांना सांगावंसं वाटतं. फुटबॉलमधलं ज्यांना काही कळत नाही ते दोन-पाच पौंड घालवून घरी जायचे. अडकायचे ते जाणकार. आणि हे जाणकार बहुतेक करून हँडिकॅपच्या वाटेनंच जायचे.

हँडिकॅप म्हणजे काय, ते आधी बघू. मँचेस्टर सिटीसारखा तगडा संघ तळाच्या संघाशी घरच्या मैदानावर खेळतोय. सिटी जिंकणार हे शेंबडं पोरही सांगेल, त्यामुळे भाव फुटकळ असतो, दहा लावले तर वर दोन मिळतील. एवढ्यात कुणाचं मन भरत नाही. मग दुकान म्हणतं, सिटीला उणे दीड गोल देऊन बघा. सामना 3-1 संपला तर तुमच्या स्लिपवर तो 1.5-1 धरला जातो, तुम्ही जिंकलात. 2-1 संपला तर 0.5-1, तुम्ही हरलात. आता भाव जवळजवळ दामदुप्पट. जाणकाराला वाटतं, आपण एवढे सामने बघतो, दोन गोलांनी जिंकणार की नाही हे आपल्याला कळणारच.

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जाणाऱ्यांना हँडिकॅप नवा नाही. तिथं चांगल्या घोड्यावर जास्त वजन चढवतात आणि घोडा ते खरोखर वाहून नेतो. फुटबॉलमधलं वजन फक्त स्लिपवर असतं. मैदानावरच्या अकरा जणांना त्याचा पत्ताही नसतो. त्यांना तीन गुण हवे असतात, आणि ते एका गोलच्या फरकानंही मिळतात. सत्तराव्या मिनिटाला संघ 1-0 पुढे असला की प्रशिक्षक बिनधास्त आपला मुख्य आक्रमक बाहेर बोलावतो, कारण बुधवारी युरोपातला सामना असतो. टीव्हीसमोर उणे दीड घेऊन बसलेला माणूस तेव्हा स्वतःच्याच संघाला शिव्या घालत असतो.

13 मे 2012 आठवा. सिटी विरुद्ध क्वीन्स पार्क रेंजर्स, भरपाईच्या वेळेत दोन गोल, अग्वेरोचा तो शेवटचा गोल, 3-2 आणि 44 वर्षांनी विजेतेपद. मँचेस्टरचा निळा अर्धा भाग रस्त्यावर नाचत होता. त्या दिवशी सिटीवर उणे दीड लावलेला माणूस मात्र हरला. संघ जिंकणं आणि आपली पैज जिंकणं यांची फारकत झाली की खेळाची जाण फारशी कामी येत नाही.

हँडिकॅपच्या पोटात आणखी खाचाखोचा आहेत. काउंटरवरची बहुतेक भांडणं त्यांच्यावरूनच व्हायची.

नैरोबीहून लेस्टरला येऊन स्थायिक झालेले एक गुजराती काका दर शनिवारी यायचे. एकदा स्लिप पुढे सरकवून म्हणाले, ‘बेटा, मी एक गोल दिला होता, संघ एकानंच जिंकला. बरोबरी झाली ना? माझे पैसे परत दे.’ त्यांचं तर्कशास्त्र चोख होतं. पण कूपन दुसऱ्या जातीचं होतं. दुकानातल्या छापील कूपनवरचा हँडिकॅप बहुधा तिहेरी असतो: हा जिंकेल, तो जिंकेल किंवा हँडिकॅप धरून बरोबरी होईल. बरोबरीवरही वेगळा भाव असतो, त्यामुळे ती झाली की बाकी दोन्ही बाजू हरतात. आग्नेय आशियात रुजलेल्या ‘एशियन’ हँडिकॅपमध्ये बरोबरीचा पर्यायच नसतो. तिथं उणे एक घेतलं आणि संघ एकानं जिंकला तर पैसे परत मिळतात. काकांचा मुलगा फोनवर एशियन खेळायचा, त्याच्याकडून ऐकलेला नियम ते कूपनला लावत होते. आकडा तोच, उणे एक. निकाल मात्र वेगळा. मी त्यांना कूपनमागची बारीक अक्षरं दाखवली. त्यांनी चष्मा काढून ती वाचली, स्लिपच्या चार घड्या घालून ती चुरगळली आणि पुढच्या सामन्याचं कूपन मागितलं.

दुसरी खाच पाव गोलांची. उणे पाऊण म्हणजे तुमचे पैसे मधोमध वाटले जातात, अर्धे उणे अर्ध्यावर आणि अर्धे उणे एकवर. समजा 22 पौंड लावले आणि भाव 10/11 आहे, म्हणजे 11 लावले तर 10 नफा. संघ दोन गोलांनी जिंकला तर 42 हातात येतात. एका गोलनं जिंकला तर पहिल्या अर्ध्याचे 21 आणि दुसऱ्या अर्ध्याचे परत आलेले 11, असे 32. बरोबरी झाली किंवा संघ हरला तर सगळे गेले. उणे पावमध्ये बरोबरी झाली की 11 परत मिळतात, 11 जातात. सगळ्यात मोठी गंमत इथंच असते. 11 पौंड बुडालेला माणूस ‘निम्मे वाचले’ म्हणून खूश व्हायचा. ते वाचलेले 11 खिशात जाताना मी क्वचितच पाहिले. काउंटरवरच्या काउंटरवर त्यांची पुढची स्लिप व्हायची.

तिसरी खाच वेळेची. पैज 90 मिनिटं आणि भरपाईचा वेळ एवढ्यापुरतीच असते. जादा वेळेतला गोल धरत नाहीत. 2010 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इनिएस्तानं 116व्या मिनिटाला गोल करून स्पेनला जिंकून दिलं, पण 90 मिनिटांचा निकाल 0-0 होता. स्पेनला उणे अर्धा देणाऱ्याच्या हाती काही लागलं नाही.

चौथी खाच चालू सामन्यातली. एशियन हँडिकॅप सामना सुरू असताना घेतला तर त्या क्षणापासून गोल शून्यापासून मोजतात. संघ 1-0 पुढे असताना उणे अर्धा घेतला आणि सामना 1-0 वरच संपला, तर तुम्ही हरलात.

आता दुकानाचा हिशेब. हँडिकॅपचा आकडा असा बेतलेला असतो की दोन्ही बाजू तुल्यबळ वाटाव्यात. एकानं उणे दीडवर 11 पौंड लावले, दुसऱ्यानं अधिक दीडवर 11. गल्ल्यात 22 आले, जिंकणाऱ्याला 21 गेले, एक पौंड दुकानाचा. गोल कुणी का मारेना! तुम्ही असे 21 डाव खेळलात आणि त्यांतले 11 जिंकलात तर नफा 110, तोटा 110, हाती भोपळा. निम्म्याहून जास्त वेळा बरोबर येऊनही जिथं पदरात काही पडत नाही, तिथं नफा काढायला किती अचूक असावं लागेल याचा विचार करा. सातत्यानं जिंकणारा एखादा निघालाच तर कंपन्या त्याच्या पैजेची मर्यादा इतकी खाली आणतात की खेळण्यात राम राहत नाही. टेलिग्रामवर ‘पक्की टिप’ विकणाऱ्याला हे सगळं ठाऊक असतं, म्हणून तर तो पैसे लावण्याऐवजी टिप विकतो.

तिकडे शिकायला जाणाऱ्यांना माझं सांगणं सरळ आहे. फी आणि घरभाड्याचे पैसे ज्या खात्यात असतात, त्याचं कार्ड अशा ॲपला जोडू नका. क्रेडिट कार्डावर जुगार खेळायला ब्रिटननं एप्रिल 2020 पासून बंदी घातली आहे, पण डेबिट कार्ड चालतं आणि आपल्या मुलांकडे तेच असतं. बऱ्याच बँकांच्या ॲपमध्ये जुगाराचे व्यवहार बंद करायचं बटण आहे. खातं उघडल्याच्या दिवशीच ते दाबून टाका.

आणि मित्रानं आग्रह केलाच तर एक कागद घ्या. संघ हरला, बरोबरी झाली, एका गोलनं जिंकला, दोन गोलांनी जिंकला, या चारही वेळी हातात किती पडेल ते त्याला लिहायला सांगा. हे लिहिता येणारा मला काउंटरवर फार क्वचित भेटला. मित्राला लिहिता आलं, तर त्याच्याकडून 21 डावांचा हिशेबही करून घ्या.

भारतात तर हा प्रश्नच यायला नको. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं केलेल्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे. तरीही परदेशातलं एखादं ॲप कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवतंच. त्यात पैसे अडकले तर दाद मागायची कुणाकडे?

ज्याला सुटायचं आहे, त्याच्यासाठी ब्रिटनमध्ये गॅमस्टॉप ही मोफत सोय आहे. एकदा नाव नोंदवलं की तिथल्या सगळ्या परवानाधारक ऑनलाइन कंपन्यांचे दरवाजे सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं बंद होतात, आणि मुदतीआधी मन बदललं तरी उघडत नाहीत. दुकानांसाठी वेगळी नोंद करावी लागते. ती विसरू नका, नाहीतर फोन बंद झाला की पाय काउंटरकडे वळतात. गॅमकेअरच्या मोफत हेल्पलाइनवर चोवीस तास कुणीतरी बोलायला असतं. भारतात टेलिमानसचा 14416 हा नंबर आहे, तिथं मराठीतही बोलता येतं. घरच्यांना सांगायची हिंमत होत नसेल, तर पहिला फोन तिथं करा. आणि तो पैसे भरून काढायच्या पुढच्या सामन्याआधी करा, नंतर नव्हे.