कुलाबा किल्ला आणि समुद्राची लाट

आमच्या काष्टीच्या मुलांस पाण्याची भीति वाटत नाहीं, हें आम्ही कौतुक म्हणून नव्हे, तक्रार म्हणून सांगत आहों. भीमेच्या डोहांत उड्या मारून पोहावयास शिकलेला मुलगा समुद्र पाहतांच सदरा काढूं लागतो. अलिबागच्या सहलींत असेंच झालें. चार मुलांस आम्हीं हाताला धरून मागें आणिलें, व तीं आम्हांवर रुसलीं. त्यांच्या रुसव्यास उत्तर म्हणून हा पाठ लिहीत आहों. पालकांनींही तो वाचावा.

काष्टीहून रात्रीं निघून दौंड, पुणें, बोरघाट व पेण या मार्गानें आम्ही पहांटे अलिबागेस पोहोंचलों. किनाऱ्यासमोर समुद्रांतील खडकावर कुलाबा किल्ला उभा आहे. (मुंबईंतील कुलाबा तो निराळा. आजच्या रायगड जिल्ह्यास १९८१ सालापर्यंत कुलाबा जिल्हा असेंच म्हणत.) भरतीच्या वेळीं किल्ल्याचें बेट होतें, ओहोटीस मधली वाळू व खडक उघडे पडतात आणि चालत जातां येतें.

म्हणून तेथें जाणाऱ्यानें घड्याळाआधीं पंचांग पाहावें. कोंकणांत तिथीचा आंकडा पाऊणपट करून भरतीची वेळ काढितात. चतुर्थीस ३ वाजतां, अष्टमीस ६ वाजतां, पौर्णिमेस व अमावास्येस १२ च्या सुमारास. वद्य पक्षांतही तिथि पुन्हां एकपासूनच धरावी. भरतीच्या आधीं व नंतर सुमारें सव्वासहा तासांवर ओहोटी असते. आम्ही षष्ठीस गेलों होतों. सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे सायंकाळीं साडेचारला भरती आणि सकाळीं सव्वादहाच्या सुमारास ओहोटी. नऊनंतर निघालों, गुडघ्याखालच्या पाण्यांतून गेलों व साडेअकराच्या आंत परतलों. या हिशेबांत थोडी चूक राहते, म्हणून किनाऱ्यावरच्या कोळ्यांस विचारल्यावांचून पाऊल टाकूं नये.

हा किल्ला शिवाजी महाराजांनीं १६८० सालीं बांधावयास घेतला व संभाजी महाराजांनीं पुरा केला. पुढें तो कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचें ठाणें झाला. १७२१ सालीं इंग्रज व पोर्तुगीज मिळून त्यावर चालून आले, तरी तो त्यांच्या हातीं लागला नाहीं. मुलांनीं तोफा पाहिल्या व गोड्या पाण्याचें नवल केलें. आमचें लक्ष मात्र तटाकडे होतें. मोठमोठे चिरे नुसते एकमेकांवर रचिले आहेत; सांध्यांत चुना भरलेला नाहीं. लाट आदळली कीं पाणी फटींत शिरतें व तिचा जोर तेथेंच मोडतो. फटी बुजविल्या असत्या तर सगळा तडाखा भिंतीस अंगावर घ्यावा लागला असता.

हा जोर येतो कोठून? वाऱ्यानें जोंधळ्याचें शेत हेलावतें तें आठवा. लहर या बांधापासून त्या बांधापर्यंत धांवते, ताटें मात्र जागींच डुलतात. खोल समुद्रांत तसेंच होतें; लाट पुढें जाते, पाणी जागच्या जागीं वर्तुळांत फिरतें. किनाऱ्याजवळ पाणी उथळ झालें म्हणजे लाटेचा तळ अडखळतो, माथा पुढें झुकतो, आणि पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारें सव्वापट राहिली कीं ती फुटते. मग पाणी खरोखरच धांवूं लागतें. एक घनमीटर समुद्राच्या पाण्याचें वजन १,००० किलोहून अधिक भरतें. कमरेएवढी लाटही माणसास सहज पाडते.

किनाऱ्यावर आलेल्या या पाण्यास परत जावेंच लागतें. लाटांच्या रांगेंत एखादी पट्टी शांत दिसते. तेथें लाट फुटत नाहीं. नवख्यास तीच जागा पोहण्यास बरी वाटते, आणि परतीचा प्रवाह बहुधा तेथूनच जातो. त्याचा वेग सेकंदास ८ फुटांपर्यंत असूं शकतो. जगांतील उत्तम पोहणाराही त्यापुढें टिकत नाहीं. किनाऱ्याकडे तोंड करून झगडणारा थकून बुडतो. त्यांत सांपडल्यास तरंगत राहावें, हात वर करून हाक मारावी, किनाऱ्यास समांतर पोहून प्रवाहाबाहेर पडावें व मग लाटांबरोबर परतावें.

१ फेब्रुवारी २०१६ रोजीं याच जिल्ह्यांत, मुरूडच्या किनाऱ्यावर, पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलींतील १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हां पावसाळा नव्हता. त्या मुलांच्या घरींही कोणीतरी डबा बांधून दिला असेल, हा विचार त्या दिवशीं आमच्या मनांतून जाईना.

जेवणें आटोपून दोनच्या सुमारास आम्ही पुन्हां किनाऱ्यावर आलों. सकाळीं मुलें जेथें खेकडे शोधीत होतीं तेथून आतां होडी चालली होती. रुसलेल्यांपैकीं एकानें विचारिलें, "सर, आपण इथूनच चालत गेलों होतों?" आम्हीं होय म्हटलें. मग तो बराच वेळ वाळूंत काडीनें पाऊणपटीचा हिशेब मांडीत बसला होता.