फुप्फुसांतील वण : ओळख आणि उपचार

कोरडा खोकला महिनोन्‌महिने थांबत नाही, चढ चढताना धाप लागते, क्षयाची तपासणी निर्दोष निघते आणि दम्याच्या औषधानेही उतार पडत नाही. अशा रोग्यास ‘इंटरस्टिशियल लंग डिसीज’ असण्याचा संभव असतो.

हा एकच रोग नसून दोनशेहून अधिक विकारांचा समूह होय. फुप्फुसांत कोट्यवधी सूक्ष्म वायुकोश असतात. त्यांच्या भिंती अत्यंत तलम असल्यामुळे प्राणवायू सहज रक्तात उतरतो. या भिंतींना वारंवार सूज आली, की जखमेनंतर त्वचेवर राहतो तसा वण तेथे पडतो. भिंती जाड व ताठर होतात आणि प्राणवायू रक्तात पुरेसा पोचत नाही.

कारणे अनेक आहेत. मंदसौरच्या पाटी-पेन्सिल उद्योगातील कित्येक कामगारांना सिलिकाच्या धुळीने सिलिकोसिस जडला. संधिवाताचे काही प्रकार व काही औषधे हीही कारणे होत. पुष्कळदा कारण सापडतच नाही. २०१२ ते २०१५ या काळात भारतातील १९ शहरांत अशा १,०८४ रुग्णांची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे ४७ टक्के रुग्णांचा विकार श्वासावाटे जाणाऱ्या बुरशीसारख्या पदार्थांच्या वावड्यातून उद्भवला होता, आणि त्यांतील जवळजवळ निम्मे एअर कूलरच्या सान्निध्यात राहणारे होते. कूलरची ओली जाळी, भिजलेला कडबा, कबुतरांची विष्ठा व पिसे यांकडे म्हणूनच दुर्लक्ष करू नये.

निदानासाठी श्वसनक्षमतेची चाचणी व छातीचे सी.टी. स्कॅन आवश्यक असते. एकदा पडलेला वण सहसा पुसला जात नाही; म्हणून कारण दूर करणे हाच पहिला उपचार होय. सूज असलेल्या प्रकारांत स्टेरॉईड उपयोगी पडते, काहींत मात्र ते अपायकारक ठरते. ते वैद्यकीय सल्ल्यावाचून सुरू वा बंद करू नये. पिरफेनिडोन व निन्टेडॅनिब ही औषधे वण वाढण्याचा वेग कमी करतात. रोग समूळ बरा करीत नाहीत. धूम्रपानाचा त्याग, श्वसनाचे व्यायाम, प्रतिबंधक लसी व गरजेनुसार प्राणवायू यांनी रोग्याचे जीवन सुसह्य होते.

शिक्षक, ग्रामसेवक व आरोग्य कर्मचाऱ्यांनी दीर्घकाळ खोकणाऱ्यास केवळ औषध विचारू नये. तो कोणते काम करतो, घरात कूलर वा पक्षी आहेत काय, हेही विचारावे. वेळीच विचारलेला हा प्रश्न त्याचा श्वास वाचवू शकेल.