होडीचा बाक

शाळेच्या पडवीत नवीन बाक ठेवला आहे, तो तुम्ही पाहिलाच असेल. बाक नवीन आहे पण लाकूड जुने आहे. ते तात्यांच्या होडीचे आहे. माझे आजोबा सुतार आहेत. त्यांनी बाक बनवला आणि मी मदत केली. म्हणून गुरुजींनी मला ही माहिती लिहायला सांगितली.

तात्यांनी फायबरची होडी घेतली तेव्हापासून जुनी सागवानी होडी खाडीच्या चिखलात पडून होती. भरतीला ती बुडायची, ओहोटीला अर्धी दिसायची. वखारीचा माणूस जळणासाठी मागायला आला होता. तात्या त्याला म्हणाले, "तिच्यावर माझी तीन पोरं वाढली. चुलीत नाय घालणार." आजोबांनी विचारले तेव्हाही ते आधी नाहीच म्हणाले. मग आजोबा म्हणाले, "तोडणार नाय रे, फळी फळी उसवून काढतो." तेव्हा ते कबूल झाले. पण मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही होडी उसवली, त्या दिवशी ते खाडीवर आले नाहीत.

मला वाटले, चिखलातल्या फळ्या कुजल्या असतील. पण उलटेच निघाले! वरची कड हाताने चुरगळत होती आणि चिखलातल्या फळ्या काळ्या पण घट्ट होत्या. गुरुजींनी कारण सांगितले. लाकूड बुरशीमुळे कुजते. बुरशीला ओलही लागते आणि हवाही लागते. वरची कड रोज भिजते व सुकते, तिथे दोन्ही मिळते. खाली चिखलात हवाच पोचत नाही.

खाऱ्या पाण्यात लाकूड खाणारा एक किडा असतो. तो अळीसारखा दिसतो पण खरे म्हणजे तो शिंपल्याच्या कुळातला आहे. बाहेरून टाचणीएवढे भोक दिसते आणि आत बोटाएवढी पोकळी असते. म्हणून आजोबा प्रत्येक फळीवर हातोडीच्या दांड्याने ठोकत. टणटण वाजली तर चांगली, बदबद वाजली तर बाजूला. अकरा फळ्यांपैकी सहाच चांगल्या निघाल्या.

गुरुजींनी आणखी एक गोष्ट सांगितली. स्वीडन देशात वासा नावाचे लाकडी जहाज १६२८ साली बुडाले. ते १९६१ साली वर काढले. ३३३ वर्षे पाण्यात राहूनही ते टिकले, कारण तिथला समुद्र कमी खारट आहे आणि हा किडा तिथे जगत नाही. वर काढल्यावर लाकूड सुकून फुटू नये म्हणून त्यावर १७ वर्षे मेणासारखे औषध फवारत होते. आम्ही एवढे काही केले नाही!

आम्ही फळ्या पावसात टाकून ठेवल्या. लाकडात मीठ राहिले तर ते हवेतली ओल ओढते आणि खिळे गंजतात. सगळा पावसाळा त्या धुऊन निघाल्या. दिवाळीनंतर पडवीच्या सावलीत एकावर एक रचल्या आणि मध्ये बारीक पट्ट्या घातल्या, म्हणजे सगळीकडून वारा लागतो. उन्हात वाळवल्या असत्या तर तडे गेले असते. संक्रांतीपर्यंत त्या तशाच होत्या. मी रोज विचारायचो, "झाल्या का?" आजोबा म्हणायचे, "लाकडाला घाई नसते, तुलाच आहे."

नंतर खिळे काढायचे काम. दिसणारे खिळे आजोबांनी अंबुराने उपटले. आत तुटून राहिलेले शोधायला मी शाळेतले लोहचुंबक आणले (गुरुजींना विचारून). चुंबक ओढ घेई तिथे मी खडूने फुली करायचो. एका फळीचे टोक मी घाईत सोडले. रंधा मारताना तिथेच खिळा लागला आणि पात्याला खाच पडली. आजोबा काहीच बोलले नाहीत. दुपारभर ते दगडावर पाते घासत बसले. मी शेजारी बसून पाणी घालत होतो.

बाक ६ फूट लांब आहे. रंधा मारल्यावर आतून तपकिरी सोनेरी रंग निघाला. खिळ्यांच्या जागी काळे डाग आहेत, ते जात नाहीत. पहिले काही दिवस माशाच्या तेलाचा वास येत होता, कारण होडीला ते तेल लावत असत. दुसरीतली मुले नाक धरायची. पण इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने १८८० साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना टेबल भेट दिले, तेही 'रेझोल्यूट' नावाच्या जुन्या जहाजाच्याच लाकडाचे होते. हे सांगितल्यावर मुले गप्प झाली.

तात्या नातवाला न्यायला शाळेत येतात. ते पहिले काही दिवस उभेच राहायचे. मागच्या सोमवारी ते बाकावर बसले. डाव्या टोकाला एक गोल भोक आहे, ते आजोबांनी बुजवले नव्हते. तात्यांनी त्यात बोट घालून मला सांगितले, "हितं वल्ह्याची दोरी बांधायचो."

पालकांनी त्या बाकावर जरूर बसावे. मुलांनी मात्र त्या भोकात खडूचे तुकडे कोंबू नयेत. मी ते दोनदा काढले आहेत.