अंधार पडल्यावरचे इंदूर : विजेच्या सायकलीवरून एक इतिहासपाठ



आपल्या शाळेतल्या कोणत्याही वर्गात "राजवाडा कोणी कोणी पाहिला आहे?" असे विचारले तर सगळे हात वर होतात. "त्याला मजले किती?" असे विचारले की निम्मे हात खाली येतात. "त्यातले दगडाचे किती आणि लाकडाचे किती?" एवढे विचारले की वर्ग शांत होतो. यात मुलांचा दोष नाही. राजवाड्यासमोरून आपण रोज जातो, पण दिवसा तिथे नजर वर जातच नाही. गर्दी, रिक्षा, हातगाड्या, हॉर्न आणि दुकानांच्या पाट्या यांतून वाट काढण्यातच सारे लक्ष जाते. आपले गाव आपण ओलांडतो, पाहत नाही.

म्हणून या अंकात एक वेगळा पाठ देत आहे : रात्रीच्या वेळी विजेच्या सायकलीवरून जुने इंदूर कसे पाहावे. हल्ली जगातल्या अनेक जुन्या शहरांत पाहुण्यांना असे फिरवतात. आपल्याला तर पाहुणे होण्याचीही गरज नाही, गाव आपलेच आहे.

वाहनाची ओळख

विजेची सायकल ही आधी सायकल आहे, मग विजेची. पायडल मारणारा माणूस आरामात साधारण ७५ ते १०० वॅट शक्ती देतो. चाकाच्या तुंब्यात बसवलेली छोटी मोटर त्यात आपली भर घालते. त्यामुळे चढावर दम लागत नाही आणि आजोबा व नातू एकाच वेगाने जाऊ शकतात. ब्रेक दाबला की मोटरचा पुरवठा आपोआप तुटतो.

आता थोडे गणित. समजा, बॅटरी ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तासांची आहे. दोन्हींचा गुणाकार ३६० वॅट-तास, म्हणजे ०.३६ युनिट. चार्जिंगमध्ये काही वीज वाया जाते, म्हणून ०.४५ युनिट धरू. युनिटला ८ रुपये दर धरला तर पूर्ण बॅटरी भरायला खर्च ३ रुपये ६० पैसे! पायडल मारत गेल्यास किलोमीटरला साधारण १२ वॅट-तास लागतात असे मानले तर एका भरण्यात ३० किलोमीटर होतात. आपली फेरी सहा किलोमीटरांची धरली तर बॅटरीचा केवळ पाचवा भाग खर्च होईल.

या वाहनाचा मोठा गुण म्हणजे ते आवाज करत नाही. रात्री गल्लीत कोणाची झोप मोडत नाही आणि मंदिरातली आरती कानावर येते. पण हाच गुण धोक्याचाही आहे. पुढे चालणाऱ्या आजींना मागून येणारी सायकल ऐकूच येत नाही. म्हणून घंटी लागते, आणि ती वेळेवर वाजवण्याची सवयही.

पालकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट

येथे मला पालकांशी स्पष्ट बोलायचे आहे. विजेची सायकल आणि विजेची स्कूटर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. नियमानुसार ज्या वाहनाच्या मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आहे, ते मोटार वाहन मानले जात नाही. त्याला नोंदणी किंवा परवाना लागत नाही. त्याहून जास्त शक्तीचे किंवा वेगाचे वाहन असले, मग ते पेट्रोलवर चालो वा विजेवर, की परवाना, नोंदणी, विमा, हेल्मेट सर्व काही आले. कमी वेगाच्या वाहनाची वेगमर्यादा दुकानातून "खोलून" घेतली तर तेही या सवलतीत राहत नाही.

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. "जवळच तर जायचे आहे" म्हणून नववीच्या मुलाच्या हाती स्कूटरची किल्ली देणाऱ्या प्रत्येक घरासाठी हे लिहिले आहे. मुलाला वाहन हवेच असेल तर सायकल द्या, विजेची द्या, पण कायद्याच्या आतली द्या. हेल्मेट कायद्याने सक्तीचे नसले तरी डोक्याने सक्तीचे आहे.

अंधारात डोळे कसे पाहतात?

आपल्या डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी भरपूर उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. दंडाकार पेशी मंद उजेडात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत. झगझगीत प्रकाशातून अंधारात गेल्यावर दंडाकार पेशींना पूर्ण सज्ज व्हायला २० ते ३० मिनिटे लागतात. मोबाईलचा पांढरा प्रकाश डोळ्यांवर एकदा पडला की ही मेहनत वाया जाते. म्हणून फेरीत मोबाईल खिशात ठेवायचा आणि सायकलचा दिवा समोरच्या माणसाच्या तोंडावर न मारता रस्त्यावर खाली वळवायचा.

रात्रीचा दुसरा फायदा असा की दिव्याचा प्रकाश बाजूने किंवा खालून येतो. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात कोरीव काम सपाट दिसते. तिरप्या प्रकाशात प्रत्येक उठावाची सावली पडते आणि तेच नक्षीकाम उठून दिसते. शिवाय दुकाने बंद झाली की नजर पाट्यांवरून सुटते आणि वरच्या मजल्यांवर जाते. जुन्या वाड्यांचे सज्जे आणि लाकडी खांब वरच तर उरले आहेत.

चला, फेरीला निघू

सुरुवात गांधी हॉलपासून करू. १९०४ सालची ही इमारत तेव्हा किंग एडवर्ड हॉल म्हणून ओळखली जाई. आजही जुनी माणसे तिला घंटाघर म्हणतात. मनोऱ्यावरचे घड्याळ पाहा आणि विचार करा : मनगटी घड्याळ घरोघरी नव्हते, तेव्हा या एका घड्याळावर किती जणांचा दिवस चालत असेल!

तेथून कृष्णपुरा छत्र्या. छत्री म्हणजे देऊळ नव्हे, दिवंगत व्यक्तीचे स्मारक. कान्ह नदीच्या काठी या छत्र्या कृष्णाबाई होळकर, तुकोजीराव दुसरे आणि शिवाजीराव होळकर यांच्या स्मरणार्थ उभ्या आहेत. सायकल स्टँडवर लावा आणि बाहेरच्या भिंतींवरचे शिपाई व वादक न्याहाळा. आणि नदीकडेही पाहा. ज्या पाण्याच्या काठी एवढे सुंदर दगड घडवले गेले, त्या पाण्याचे आपण काय केले, हा प्रश्न वास सुटला की आपोआप सुचतो.

पुढे राजवाडा. सात मजले : खालचे तीन दगडाचे, वरचे चार लाकडाचे. हे उत्तर आता पाठ करा. या वास्तूला तीनदा आग लागली. १८०१ मध्ये शिंद्यांचे सरदार सर्जेराव घाटगे यांनी इंदूर लुटले तेव्हा, मग १९०८ मध्ये आणि पुन्हा १९८४ च्या दंगलीत. तिसऱ्या आगीत मागचा भाग फार जळाला आणि तो या शतकाच्या पहिल्या दशकात पुन्हा बांधला गेला. लक्षात घ्या, मराठ्यांच्या राजवाड्याला पहिली आग मराठ्यांच्याच फौजेने लावली. आपसातील भांडणाची किंमत काय असते, हे सांगायला इतिहासाच्या पुस्तकापेक्षा ही भिंत पुरेशी आहे.

समोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे. येथे बहुतेक मुले चुकतात. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ राज्य केले ते महेश्वरहून, इंदूरहून नव्हे. महिदपूरच्या लढाईतील पराभवानंतर १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि मग इंदूर होळकरांची राजधानी झाले.

जवळच गोपाल मंदिर, कृष्णाबाईंनी १८३२ मध्ये बांधवलेले. त्यानंतर सराफा. येथे सायकलवरून उतरायचे आणि ती बाहेर लावून पायीच आत जायचे. दिवसा सोन्या-चांदीची दुकाने, रात्री त्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस, गराडू, मालपुवे आणि रबडी. जागा तीच, धंदे दोन. एकाच गल्लीचा दुहेरी उपयोग करणे ही आपल्या गावाची हुशारी आहे.

शेवटी पंढरीनाथ. इंदुरात विठोबाच्या नावाचा भाग असावा आणि त्याच भागात ज्याच्यावरून शहराला नाव पडले ते इंद्रेश्वराचे देऊळ असावे, यातच आपल्या समाजाची गोष्ट आली. आम्ही येथे आलो, आपला देव घेऊन आलो आणि येथल्या देवाच्या शेजारी राहिलो. वाटेत पाट्या वाचत चला : मल्हारगंज, तुकोगंज, यशवंत निवास रोड, पागनीस पागा, मोती तबेला. पागा म्हणजे घोडदळाची घोडी बांधण्याची जागा. घोडी गेली, शब्द राहिला. मी स्वतः हिंदी माध्यमातून शिकले. आमच्या पुस्तकात होळकर एका परिच्छेदात संपत. मराठी मला घरातल्या बोलण्यातून जशी मिळाली, तशीच या पाट्यांवरूनही मिळाली. आज घरात मराठी कमी होत चालली आहे. पाट्या मात्र अजून आहेत, पण अर्थ सांगणारे कोणी नसेल तर तीही फक्त अक्षरे.

एका म्हाताऱ्या साहेबाची शिकवण

गावाकडे असे पायाखालून पाहण्याचा धडा इंदूरला शंभर वर्षांपूर्वीच मिळाला आहे. स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना होळकर दरबाराने बोलावले होते. १९१८ मध्ये त्यांचा इंदूरविषयीचा अहवाल दोन खंडांत छापला गेला. नकाशा हातात घेऊन ते जुन्या गल्ल्यांतून हिंडत. आधी पाहणी, मग योजना, हे त्यांचे सूत्र. सरळ रुंद रस्त्यासाठी जुनी वस्ती सरसकट पाडण्याला त्यांचा विरोध होता. कुशल वैद्याप्रमाणे जेवढे गरजेचे तेवढेच कापावे, असे ते म्हणत.

त्या काळात शहरात प्लेगची धास्ती होती. नकाशे घेऊन फिरणारा हा परका साहेबच प्लेग आणतो, असा लोकांना संशय आला. गेडिस यांनी भाषण दिले नाही, दिवाळीची मिरवणूक काढली. जे मोहल्ले सर्वांत स्वच्छ होतील त्यांतून ती जाणार, असे जाहीर केले. घरोघर झाडलोट सुरू झाली. मिरवणुकीत सफाई कामगारांना मानाने चालवले आणि रावणाबरोबर प्लेगच्या उंदराची मोठी प्रतिमाही जाळली. २०१७ मध्ये इंदूर देशातले सर्वांत स्वच्छ शहर म्हणून पहिल्यांदा निवडले गेले, तेव्हा ही जुनी मिरवणूक किती जणांना आठवली असेल? सराफ्यातून परतताना हातातला द्रोण कचरापेटीत टाकाल, तेव्हा तुम्ही त्याच मिरवणुकीत असाल.

वेग आणि ब्रेक

ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ५.६ मीटर. समोर काही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो, तेवढ्यात ५.६ मीटर पार होतात. ब्रेक लागल्यावर थांबायला आणखी साधारण ४.४ मीटर. एकूण १० मीटर. हाच वेग ताशी १२ किलोमीटर ठेवला तर एकूण ५ मीटरच्या आत थांबता येते. जुन्या गल्लीत पाच मीटरवरच्या वळणाआडून गाय, मूल किंवा हातगाडी येऊ शकते. म्हणून आपल्या फेरीचा वेग बारा. पाहण्यासाठीही तोच बरा.

विश्वस्तांना विनंती

नववीपासून पुढच्या विद्यार्थ्यांसाठी शाळेने अशी फेरी वर्षातून दोनदा ठेवावी, असे मी सुचवते. आठ-आठ मुलांचे गट, प्रत्येक गटाबरोबर एक शिक्षक आणि दोन पालक, रात्री साडेआठ ते साडेदहा, पालकांची लेखी संमती. साधी सायकल असलेल्यांनी ती आणावी. विजेच्या चार-पाच सायकली शाळेने भाड्याने घेतल्या तरी आजी-आजोबांची सोय होईल. त्यांना घेऊनच जायचे आहे, कारण पाट्यांचे अर्थ त्यांना ठाऊक आहेत. ती माणसे आहेत तोवर हा पाठ स्वस्त आहे. नंतर तो कोणत्याही बॅटरीवर चालणार नाही.

स्वाध्याय

१. ४८ व्होल्ट आणि १२ अँपिअर-तासांच्या बॅटरीत किती वॅट-तास ऊर्जा साठते? किलोमीटरला १२ वॅट-तास लागल्यास ती किती अंतर जाईल?

२. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल, ब्रेक दाबण्यापूर्वीच्या एका सेकंदात किती मीटर पुढे जाईल?

३. आपल्या घराजवळच्या तीन मराठी स्थळनामांचे अर्थ घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.

४. इंदूर राजधानी केव्हा झाले? त्याआधी राज्यकारभार कोठून चाले?

५. आपल्या गल्लीतील सर्वांत जुन्या घराचे रात्री रस्त्याच्या दिव्यात निरीक्षण करा. दिवसा न दिसलेल्या दोन गोष्टी वहीत नोंदवा आणि शिक्षकांना दाखवा.