अडकलेला नट कसा सोडवावा

कोन गावाजवळून मुंबई-पुण्याचा जुना रस्ता जातो आणि पलीकडे पळस्प्यास गोव्याचा रस्ता फुटतो. त्यामुळे मोटारी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्र्यांची दुकाने आमच्या विद्यार्थ्यांच्या नित्य पाहण्यातली आहेत. इंजिनाचा नट हलेना, म्हणून पान्याच्या दांड्यात लांब नळी घालून दोघे जण तिला लोंबकळत आहेत, असे दृश्य तेथे पुष्कळदा दिसते. अशा वेळी बहुधा नट सुटत नाही, बोल्ट तुटतो. गेल्या पावसाळ्यात एका टेंपोवाल्याची गाडी अशाच एका तुटक्या बोल्टापायी चार दिवस उभी राहिली व भाजीच्या हंगामातील त्याच्या फेऱ्या बुडाल्या.

नट अडकतो का, हे प्रथम पाहू. लोखंड गंजून जो ऑक्साइड होतो, तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आट्यांमधील फट मुळातच केसाएवढी. तीत गंज फुगला की तो पाचरीप्रमाणे बसतो. खाडीवरची खारी हवा व चार महिन्यांचा पाऊस त्यास साह्य करतात.

म्हणून पहिला उपाय म्हणजे वेळ. तारेच्या ब्रशाने गंज झाडावा, पातळ शिरकाव करणारे तेल सोडावे आणि शक्य तर रात्रभर तसेच ठेवावे. दुसऱ्या दिवशी हातोडीने हलके ठोके द्यावेत. नट प्रथम किंचित आवळावा, मग सोडावा. या मागेपुढे करण्याने गंजाचा थर भंगतो.

तेवढ्याने न भागल्यास उष्णता. येथे वर्गात नेहमी प्रश्न निघतो: नट तापला तर त्याचे छिद्र मोठे होईल की लहान? बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव तापवूनच चढवतो, हे आठवले म्हणजे उत्तर सापडते. दहा मिलिमीटरचे छिद्र दोनशे अंशांनी तापले तर सुमारे दोन-शतांश मिलिमीटर वाढते. वाढ क्षुल्लक दिसते. परंतु गंजाची पकड सुटण्यास ती पुष्कळदा पुरते. मात्र पेट्रोलच्या नळीजवळ अथवा तेलाने भिजलेल्या जागी ज्योत नेणे हा शुद्ध अविचार होय. ॲल्युमिनियमच्या हेडातील प्लग तर इंजिन थंड झाल्यावरच काढावा. गरम हेडातून काढताना आटे उपटून येतात.

नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो, त्यास मापांचा घोटाळाही कारण असतो. जुन्या अँबॅसेडरचे नट इंची मापाचे, तर कुर्ल्यास बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचे मिलिमीटरचे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर तेराचा पाना बसतो खरा, पण सैल बसतो, व जोर कोपऱ्यांवरच येतो. सहा कोनांची गोटी बारा कोनांच्या गोटीपेक्षा बरी, कारण ती नटाच्या सपाट बाजूंवर जोर देते. गोल झालेल्या नटावर किंचित लहान गोटी ठोकून बसवावी, नाहीतर कानशीने दोन समोरासमोरच्या बाजू सपाट कराव्यात.

बोल्ट तुटलाच, तर त्याच्या उरलेल्या टोकावर नवा नट वेल्डिंगने जोडणे हा उत्तम मार्ग. त्यात पकडही मिळते आणि उष्णताही. भोक पाडून उलट्या आट्यांचे हत्यार घालणे नाजूक काम आहे. ते हत्यार कठीण पण ठिसूळ पोलादाचे असते. आत मोडले तर साध्या ड्रिलने कोरता येत नाही.

नवा बोल्ट बसवण्यापूर्वी आटे स्वच्छ करावेत व पहिले दोन-तीन फेरे पान्याशिवाय, बोटांनीच द्यावेत.