घंटेचा टोल

शाळा सुटल्याची घंटा झाली कीं विद्यार्थ्यांच्या मुद्रेवर जो आनंद दिसतो, तो रस्त्यानें जाणाऱ्या वाटसरूच्या मुद्रेवर दिसत नाहीं. टोल दोघांच्याहि कानीं पडतो. त्याचा अर्थ मात्र एकासच ठाऊक असतो. मागील शतकांतील लोक काय ऐकत असतील याचा विचार करूं लागलों म्हणजे आम्हांस हीच गोष्ट वारंवार आठवते.

पूर्वींचें जग निःशब्द होतें अशी पुष्कळांची समजूत असते. ती आम्हांस पटत नाहीं. पहाटे घरोघर जात्यांची घरघर सुरू होई, पेशवाईंतील पुण्यांत तांबटांच्या हातोड्यांचा ठणठणाट दिवसभर चाले, आणि रात्रीं ठरलेल्या वेळीं तोफ सुटे. तोफेनंतर जो रस्त्यांत सांपडे त्यास सकाळपर्यंत चौकींत बसावें लागे! तेव्हां गोंगाट होताच. परंतु यंत्रांचा अखंड घोष नसल्यामुळें एकेक आवाज दूरवर पोंचे व वेगळा ओळखूं येई. घरोघर घड्याळें नसल्यामुळें लोकांस तो ओळखावाच लागे.

घंटेचेंच उदाहरण घ्या. पोर्तुगीज अमलांतील वसईस चर्चच्या मनोऱ्यांत मोठमोठ्या घंटा होत्या. सकाळ, दुपार व संध्याकाळ अशी दिवसांतून तीनदां प्रार्थनेची घंटा होई. कोणी मृत्यु पावल्यास तिचा टोल निराळा. नेमलेला एक मनुष्य दोर ओढी आणि सारें गांव ऐके. इ. स. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं वसई घेतली, व विजयाचें चिन्ह म्हणून तेथील घंटा मराठ्यांनीं देशावर नेल्या. त्यांपैकीं कांहीं देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांतलीच होय. वाईजवळ कृष्णाकाठीं मेणवलीस जी घंटा आहे, तिजवर १७०७ हें साल व बाळ येशूसह मरियेची आकृति आहे. येथें आम्हांस मौज वाटते ती अशी कीं, देवळांतील घंटा बहुधा गांवास बोलावण्यासाठीं वाजत नाहीं. भक्त दर्शनापूर्वीं स्वतःच्या हातानें एक टोल देतो आणि आपण आल्याचें देवास कळवितो. धातु तोच, नाद तोच. पण जेथें एकानें वाजवावी व शेंकडों लोकांनीं ऐकावी, तेथें आतां शेंकडों लोक येतात व प्रत्येकजण आपली आपण वाजवितो.

गांवाची घंटा काढून नेणें किती कठीण, हें फ्रान्सच्या राज्यक्रांतींत दिसून आलें. जुलै १७९३ मध्यें हुकूम निघाला कीं, प्रत्येक गांवानें चर्चची एकच घंटा ठेवावी व बाकीच्या तोफा ओतण्यासाठीं द्याव्या. (विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं येथें ध्यानांत घ्यावें कीं, घंटेच्या काशांत शेंकडा सुमारें ७८ भाग तांबें व २२ भाग कथील असतें, त्यामुळें तें नादमय होतें, पण ठिसूळहि. तोफेस शेंकडा दहाच्या आसपास कथील पुरे. म्हणून घंटा नुसती वितळवून काम भागत नसे.) कित्येक गांवांनीं आपल्या घंटा जमिनींत पुरून लपविल्या. यांत धर्मनिष्ठा होतीच, पण तेवढीच नव्हती. आग लागली, वादळ आलें, शेतांतून परतावें, सारें तीच सांगे. तिचा आवाज जेथवर जाई तेथवर आपलें गांव, असा हिशेब होता.

आवाज न बदलतां अर्थ कसा पालटतो याचें अलीकडचें उदाहरण इंग्लंडांतील आहे. जून १९४० मध्यें तेथें चर्चच्या घंटा वाजविण्यास बंदी झाली. शत्रु भूमीवर उतरला तरच त्या वाजवावयाच्या. ७ सप्टेंबरच्या रात्रीं इशाऱ्याचा गैरसमज होऊन कांहीं ठिकाणीं त्या वाजल्या, आणि ज्या नादानें लोक एरवीं प्रार्थनेस जावयाचे, त्याच नादानें गृहरक्षक बंदुका घेऊन धांवले. पुढें उत्तर आफ्रिकेंत एल् अलामेनचा विजय मिळाल्यावर, रविवार ता. १५ नोव्हेंबर १९४२ रोजीं, इंग्लंडभर घंटा निनादल्या. बंदीनंतर जन्मलेल्या बहुतेक बालकांनीं तो नाद त्या सकाळीं प्रथमच ऐकला असावा. हें काय वाजतें, असें त्यांनीं आईस विचारलें असल्यास नवल नाहीं.