गुटगुटीत की लठ्ठ?



आपण साखर करणारे. म्हणून हे आम्हीच सांगितलेले बरे. वरून घातलेल्या साखर-गुळाची ऊर्जा एकूण आहाराच्या १० टक्क्यांच्या आत असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले. सात-आठ वर्षांच्या मुलाला ती दिवसाला साधारण ४० ग्रॅम होते. शीतपेयाच्या ३०० मिलिलिटरच्या एका बाटलीतच ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते! चहा-बिस्किटे वेगळीच. त्यात बसून मोबाईल, अपुरी झोप. मग वजन वाढणारच. पोर गुबगुबीत म्हणून कौतुक नको. पुढे मधुमेह, रक्तदाब मागे लागतो. तहानेला पाणी द्या, रोज तासभर खेळायला सोडा, सहा महिन्यांनी उंची-वजन तपासून घ्या. साखर सणाला गोड, रोजच्या बाटलीत नको.